घराच्या भिंती : भाजक्या विटेला कोणते पर्याय?

सुगी आटोपली, हाती चार पैसे आले की घराचे काम काढायचे ही औंध, खटाव, माण, आटपाडी भागातील जुनी रीत. काम निघाले की पहिला प्रश्न विटेचा येतो. पीकशास्त्राच्या माणसाने विटांवर का लिहावे, असे आपणास वाटेल. कारण साधे आहे. वीट शेतातून येते.

एका भाजक्या विटेचे वजन सुमारे ३ किलो असते. तीन-चार खोल्यांच्या घराला २० हजार विटा लागल्या असे धरले, तर ६० टन माती लागली. अर्धा फूट खोलीपर्यंतचा थर काढायचा म्हटले तर ही माती तीन गुंठे रानातून उचलावी लागते. वीटभट्टीवाल्याला मुरूम चालत नाही. त्याला पोयट्याची, ओढ्याकाठची चांगली मातीच हवी असते. हा वरचा थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि पिकाचे बहुतेक खाद्य त्यातच असते. ज्या रानातून असा थर गेला तेथे पुढे कितीही शेणखत घातले तरी ज्वारी पूर्वीसारखी येत नाही, हे आपण पाहिलेच असेल. शिवाय भट्टीचे जळण वेगळे.

जुन्या भिंती आणि त्यांचे वजन

मग आपले जुने घरच बरे, असे म्हणावे काय? दगड-मातीची जाड भिंत, वर माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. परंतु वजनाचा हिशोब करून पाहावा. दहा फूट लांब, दहा फूट उंच व दोन फूट जाडीची दगडी भिंत सुमारे १२ टन भरते. नऊ इंची विटेची तेवढीच भिंत ४ टन. दहा बाय दहाच्या खोलीवरील एक फूट जाडीचे मातीचे धाबे साडेचार टनांच्या आसपास जाते. दर उन्हाळ्यात वर पांढरी माती टाकत गेल्यास ते आणखी जड होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जी हजारो माणसे दगावली, त्यांतील बहुतेक अशाच घरांखाली सापडली. भिंतीचे आतले व बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते, मध्ये नुसती भर होती. धक्का बसताच दोन्ही अंगे सुटली व वरचे धाबे खाली आले. आपला सातारा जिल्हा तर कोयनेच्या शेजारी आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप जुन्या मंडळींना आठवत असेल. म्हणून भिंत बांधताना ती किती स्वस्त पडते याबरोबर तिचे वजन किती आणि ती कशाने बांधलेली आहे, हेही विचारावे.

कागदाच्या लगद्याचे ठोकळे

हलक्या भिंतीसाठी एक पदार्थ पुढे आला आहे, त्याचे नाव पेपरक्रीट. रद्दी कागदाचा लगदा, सिमेंट आणि वाळू वा माती यांचे हे मिश्रण. अमेरिकेत अशा मिश्रणाचे पेटंट १९२८ सालीच घेतले गेले होते. १९८० नंतर तेथील नैर्ऋत्येच्या कोरड्या प्रदेशात हौशी लोकांनी त्यातून घरे उभी केली. आपल्या माता-भगिनींना यात नवल वाटणार नाही. कागद भिजवून, मेथी घालून, कुटून टोपल्या घडवण्याची कला आपल्या घराघरांत होती. तेथे मेथी चिकटवण्याचे काम करते, येथे सिमेंट.

वर्तमानपत्रे, जुन्या वह्या, पुठ्ठे घ्यावेत; गुळगुळीत चकचकीत वा प्लॅस्टिकचा थर असलेला कागद घेऊ नये. तुकडे करून दोन-तीन दिवस पिंपात भिजत घालावेत. नंतर घोटून, तुडवून एकजीव लगदा करावा व जादा पाणी पिळून काढावे. सुरुवातीस कोरड्या कागदाच्या वजनाइतके सिमेंट व दीड ते दोन पट चाळलेली वाळू घ्यावी. एकदम शेकडो ठोकळे पाडू नयेत. आधी चार-पाच नमुने करावेत, महिनाभर वाळू द्यावेत, मग एक रात्रभर पाण्यात बुडवून पाहावा. विस्कटला वा बोटाने खरवडला गेला तर सिमेंट वाढवावे. ठोकळा वाळताना आकसतो, म्हणून साचा थोडा मोठा ठेवावा. हे काम फाल्गुन ते वैशाखातच करावे.

असा ठोकळा विटेच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका हलका असतो, करवतीने कापता येतो व ऊन आत येऊ देत नाही. मात्र त्याचे दोष विक्रेता सांगणार नाही, ते आपण जाणून घ्यावेत. तो पाणी शोषतो. दाबाला कमी टिकतो, म्हणून त्यावर छताचा भार कधीही टाकू नये. भार खांब-तुळयांनी घ्यावा व ठोकळे खणांत भरावेत. भडकून पेटत नसला तरी आतल्या आत धुमसतो, म्हणून चुलीमागे नको. आपल्याकडे वाळवीचा उपद्रव मोठा. जमिनीला टेकवून मुळीच बांधू नये. न्हाणीची भिंत, जोते, गोठ्याचा खालचा भाग येथे तो वर्ज्य समजावा. आतील आडभिंती आणि माडीवरच्या खोल्यांची भरण भिंत एवढीच त्याची जागा, असे माझे मत आहे.

दाबलेले मातीचे ठोकळे

भार घेणाऱ्या भिंतीसाठी मी दाबलेल्या मातीच्या ठोकळ्यांकडे वळेन. आपले भेंडे आपणास माहीत आहेत. हा त्यांचाच सुधारलेला भाऊ. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली सुरू झालेल्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राने यावर पुष्कळ काम केले. मातीत वजनाच्या ५ ते ८ टक्के सिमेंट मिसळून हाताच्या यंत्रात दाबतात, भाजणी नाही. आठ किलोचा ठोकळा धरला तर एका पोत्यात सुमारे ९० ठोकळे होतात.

माती मात्र पारखावी लागते. बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी व चिमूटभर मीठ टाकून हलवावे व दिवसभर स्थिर ठेवावे. खाली वाळू, मध्ये पोयटा, वर चिकण माती असे थर दिसतील. वाळू दोन-तृतीयांश व चिकण माती दहा ते वीस टक्के असल्यास माती योग्य. औंधच्या डोंगरउतारावरील तांबूस मुरमाड माती चाळून घेतली तर बहुधा या हिशोबात बसते. म्हणजे ज्या मातीत पीक येत नाही तीच येथे कामाची. काळी माती फुगते व भेगाळते, ती नको. ठोकळे सावलीत रचून ओल्या गोणपाटाखाली तीन आठवडे ठेवावेत. या घाईतच बहुतेकांचे काम बिघडते. चौथ्या दिवशी उन्हात मांडलेला ठोकळा पावसाळ्यात कोपऱ्यातून झडू लागतो.

दोन्ही प्रकारांत जोते दगडाचे, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच घ्यावे व त्यावर सिमेंटचा ओल-रोधक थर द्यावा. जोत्यावर, दारे-खिडक्यांवर व छताखाली सलग पट्टा फिरवावा. भूकंपात तोच चारही भिंती एकत्र धरतो. वळचण दोन फूट बाहेर काढावी, म्हणजे पागोळ्यांचे पाणी भिंतीवर येणार नाही. कागदी ठोकळ्यांना दोन्ही अंगांनी गिलावा हवा, आणि तो भिंत पुरती सुकल्यावर, म्हणजे बांधकामानंतर किमान महिनाभराने करावा.