मालमोटारीवरील वजनकाटा : निगा व दोषपरीक्षा

धान पिकविणें जितकें कष्टाचें, तितकेंच तें नीट मोजून देणेंहि महत्त्वाचें आहे. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत सागवान घनमीटरावर व तेंदूपान सत्तर पानांच्या पुड्यांवर मोजलें जातें. परंतु नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, देसाईगंज या बाजूच्या धानकऱ्याचा हिशेब किलोवर चालतो. ४० किलोचें एक पोतें धरल्यास २५० पोत्यांची खेप १० टनांची होते. काट्यांत शेंकडा एक चूक असली तर अडीच पोतीं बिनहिशेबी जातात. उलट बाजूनें, गाडींत भार जास्त भरला गेल्यास मोटार वाहन कायद्याच्या सन २०१९ च्या सुधारणेप्रमाणें २०,००० रुपये दंड, व शिवाय जादा दर टनास २,००० रुपये द्यावे लागतात. म्हणून ज्यांनीं आपल्या मालमोटारीस स्वतःचा काटा बसविला आहे, त्यांच्यासाठीं आम्ही हें लिहीत आहों.

या काट्याचें मर्म लोडसेल नांवाच्या पोलादी ठोकळ्यांत आहे. चासी व हौदा यांच्यामध्यें असे ठोकळे बसविलेले असतात. भार पडतांच पोलाद किंचित् वाकतें, त्यावर चिकटविलेल्या बारीक धातुपट्ट्या ताणल्या जातात, व त्यांतून जाणाऱ्या विजेचा रोध बदलतो. हा बदल व्होल्टच्या हजाराव्या भागांनीं मोजावा लागतो. म्हणून थोडी ओल, सैल स्क्रू किंवा उंदरानें कुरतडलेली तार एवढ्यानेंहि आंकडा बिघडतो. दुसऱ्या जातीचे काटे पाट्यांचें वाकणें अथवा हवेच्या फुग्यांतील दाब मोजतात. पाटे एकमेकांवर घासून अडकतात, त्यामुळें अशा गाडीस भरल्यावर थोडें पुढें चालवून, सपाट जागीं उभी करून मगच आंकडा वाचावा.

सपाट जागेचा आग्रह उगाच नाहीं. लोडसेल आपल्यावर सरळ पडणारा भारच मोजतो. गाडी दहा अंशांच्या चढावर उभी असेल तर १० टनांच्या खेपेंत सुमारें १५० किलो, म्हणजे जवळजवळ चार पोतीं, आंकड्यांत कमी दिसतात. बांधालगतच्या खळ्यावर वजन करून गिरणीवाल्याशीं तंटा करणाऱ्यांनीं आधीं जमीन पाहावी.

रिकामा हौदा असतां आंकडा शून्यावर येत नसल्यास प्रथम हौदा व चासी यांच्या फटींत पाहावें. तेथें चिखल किंवा गिट्टीचा खडा अडकलेला सांपडतो. आंकडा सारखा हेलकावे खात असल्यास जोडपेटी उघडावी. पावसाळ्यांत आंत पाणी झिरपलेलें असतें. ती कोरड्या फडक्यानें पुसून वाळवावी, पाण्याचा जोराचा फवारा तेथें कधींहि मारूं नये. दोन भरलीं पोतीं पाळीपाळीनें चारी कोपऱ्यांत ठेवून पाहावें. एखाद्या कोपऱ्यांत आंकडा वेगळा आला तर त्या बाजूच्या लोडसेलवर संशय घ्यावा. तार काढून सिग्नलच्या दोन टोकांमध्यें रोध मोजल्यास बहुतेक लोडसेलांत तो सुमारें ३५० ओहम येतो. फारच निराळा आला तर लोडसेल गेला असें समजावें. चार तारांची मूळ केबल कापून आंखूड करूं नये, त्यानें माप बदलतें.

सर्वांत मोठा घात वेल्डिंगनें होतो. फाटका हौदा जोडण्यास गाडी वर्कशॉपांत नेली कीं प्रथम सर्व लोडसेलांच्या तारा सोडवाव्या, व वेल्डिंगची अर्थिंग जोडाच्या अगदीं जवळ लावण्यास सांगावें. तसें न केल्यास तो जबर प्रवाह लोडसेलांतून वाहतो व बाहेरून कांहीं न दिसतां आंतील पट्ट्या जळतात. कारागीर घाईंत असतो. मालकानेंच उभें राहावें.

महिन्यांतून एकदां तरी रिकामी व भरलेली अशी दोन्ही वजनें मुद्रांकित धर्मकाट्यावर करून आपल्या आंकड्याशीं ताडावीं व वहींत लिहावीं. मधल्या वेळांत डिझेल भरूं नये. १०० लिटर डिझेल म्हणजे ८० किलोंहून अधिक, दोन पोतीं सहज. चालकहि दोन्ही वेळां आंत असावा किंवा दोन्ही वेळां बाहेर.

सन २००९ च्या वैधमापन कायद्याप्रमाणें खरेदीविक्रीस वापरावयाचा काटा तपासून मुद्रांकित झालेला असावा लागतो, व विजेच्या काट्यांची ही पडताळणी दर वर्षीं करावी लागते. गाडीवरचा बिनमुद्रेचा काटा केवळ स्वतःच्या माहितीपुरता आहे. त्याचा आंकडा दाखवून पैसे मागतां येत नाहींत. मात्र समोरच्या काट्याशीं वारंवार फरक पडत असेल, तर आपली वही घेऊन वैधमापन निरीक्षकाकडे अर्ज करावा व तो काटा प्रमाणित वजनांनीं तपासून मागावा.