लहान यंत्र, खरे माप

रस्त्याच्या कामावर माती खणणारे मोठे यंत्र तुम्ही पाहिले असेल. आपल्याकडे त्याला पोकलेन म्हणतात. हे मूळचे एका फ्रेंच कंपनीचे नाव आहे.

जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरातली एन.झेड.जी. ही कंपनी अशा यंत्रांचे धातूचे लहान नमुने बनवते. ते बहुधा १:५० प्रमाणात असतात. म्हणजे १० मीटर लांबीचे यंत्र २० सेंटिमीटरचे होते. काही लोक असा नमुना विकत आणून नुसता कपाटात ठेवत नाहीत. ते त्याचे भाग सुटे करतात, नव्याने रंग देतात, तेलाच्या नळ्या बसवतात. नमुना हुबेहूब करणे हाच त्यांचा छंद.

या छंदात मापाला फार महत्त्व आहे. खरी नळी २५ मिलिमीटर जाड असेल, तर नमुन्यात अर्ध्या मिलिमीटरची तार हवी. तेथे २ मिलिमीटरची तार लावली, तर खऱ्या यंत्रावर १० सेंटिमीटर जाडीची नळी लावल्यासारखे दिसेल!

रंगाचेही तसेच आहे. खणताना बकेटचे दात मातीत घासतात. तेथला रंग उडून लोखंड चकाकते. छतावर मात्र धूळ बसते. म्हणून आधी खरे यंत्र नीट पाहावे, मगच ब्रश हाती घ्यावा.

कापलेला भाग पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. घाईने महागडा नमुना वाया जातो. म्हणून आधी मोजावे, मग कापावे.

शब्दार्थ : छंद – आवड, शौक, हुबेहूब – अगदी तसाच.

स्वाध्याय : यंत्र ८ मीटर लांब असेल, तर १:५० प्रमाणातील नमुना किती सेंटिमीटर लांब होईल?