न झालेला खटला आणि बुरू बेटावरील चार कादंबऱ्या

आशियाई कादंबरीवरील परिसंवाद-वर्गात प्रमुद्या अनंत तूर या इंडोनेशियन लेखकाचा चरित्रपट सांगून झाला, तेव्हा एका विद्यार्थिनीने साधा प्रश्न विचारला : ‘‘चौदा वर्षे तुरुंगात होते हे समजले, पण त्यांच्यावर आरोप काय होता?’’ शिक्षकाला असे प्रश्न आवडतात, कारण त्यांची उत्तरे बहुधा तयार असतात. या प्रश्नाला मात्र उत्तर नव्हते. आरोपपत्र ठेवलेच गेले नाही, साक्षीपुरावा झाला नाही, निकाल लागला नाही. १३ ऑक्टोबर १९६५ रोजी जाकार्तातील राहत्या घरातून त्यांना नेण्यात आले आणि २१ डिसेंबर १९७९ रोजी सोडण्यात आले. या दोन तारखांच्या दरम्यान न्यायालय नावाची वस्तू त्यांना दिसली नाही. प्रस्तुत लेख त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचाच विस्तार आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. ३० सप्टेंबर १९६५ च्या रात्री जाकार्तात लष्कराचे सहा सेनापती व एक कनिष्ठ अधिकारी यांचा बळी घेणारा एक उठाव झाला. तो मोडून काढणाऱ्या जनरल सुहार्तो यांच्या हाती सत्ता सरकत गेली, आणि उठावाचा दोष संपूर्ण कम्युनिस्ट पक्षावर ठेवण्यात आला. पुढील काही महिन्यांत जावा, बाली, सुमात्रा येथे जी माणसे मारली गेली त्यांची संख्या अभ्यासक साधारणतः पाच लाखांच्या घरात धरतात. त्याहून अधिक लोक अटकेत पडले. त्यांत पक्षाचे सभासद होते, तसेच शिक्षक, शेतकरी संघटनांचे कार्यकर्ते, नर्तक, गायक आणि लेखकही होते.

या बंदिवानांचे तीन वर्ग पाडण्यात आले. ‘अ’ वर्गात ज्यांच्यावर खटला भरावयाचा ते; ‘क’ वर्गात ज्यांना यथावकाश सोडावयाचे ते. आपल्या विषयाचे मर्म मधल्या ‘ब’ वर्गात आहे. हे लोक उठावात गुंतले असावेत असा सरकारचा संशय होता, पण न्यायालयात उभा करता येईल एवढा पुरावा नव्हता. पुरावा नाही म्हणून सुटका, हा जगभरच्या न्यायशास्त्राचा पहिला धडा. येथे त्याचा अर्थ उलटला : पुरावा नाही म्हणून खटला नाही, आणि खटला नाही म्हणून सुटकाही नाही. असाधारण लष्करी न्यायालयांपुढे प्रत्यक्षात उभे राहिले ते हजाराच्या आसपास लोक. ‘ब’ वर्गातील सुमारे बारा हजार पुरुष १९६९ पासून मोलुक्का द्वीपसमूहातील बुरू या बेटावर पाठविण्यात आले. प्रमुद्या त्यांपैकी एक. रान तोडणे, रस्ते बांधणे, भातखाचरे तयार करणे आणि स्वतःचे अन्न स्वतः पिकविणे, असे तेथील जीवन होते. शिक्षेची मुदत कोणी सांगितलेली नव्हती, कारण शिक्षाच झालेली नव्हती.

मराठी वाचकाला येथे अंदमानची आठवण होणे स्वाभाविक आहे. बेटावरचा तुरुंग, कागद-लेखणीचा अभाव, रचना स्मरणात साठवून ठेवणे, हे सारे ‘माझी जन्मठेप’ वाचलेल्यास परिचयाचे वाटेल. परंतु साम्याबरोबरच भेदही नोंदवावयास हवा. सावरकरांच्या गळ्यातील बिल्ल्यावर १९६० हे सुटकेचे वर्ष कोरलेले होते. ती शिक्षा अमानुष होती, तरी तिच्यामागे एक निकालपत्र होते. त्याच्याशी वाद घालता येत होता, त्याविरुद्ध अर्ज करता येत होता. परकीय सत्तेने जे सोपस्कार पाळले ते एका स्वतंत्र आशियाई राष्ट्राने आपल्याच नागरिकांच्या बाबतीत पाळले नाहीत, ही गोष्ट आपण आशियाई वाचकांनी संकोच न करता पाहिली पाहिजे. स्वतः प्रमुद्यांना हा फरक अनुभवाने ठाऊक होता. १९४७ ते १९४९ या काळात डचांनीही त्यांना कैदेत टाकले होते, आणि ‘पेरबुरुआन’ ही त्यांची आरंभीची कादंबरी त्या कैदेतच लिहिली गेली.

अटकेच्या रात्री त्यांचे घर जमावाने लुटले. ग्रंथसंग्रह आणि हस्तलिखिते नष्ट झाली. त्यांत, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या राष्ट्रीय जागृतीविषयी त्यांनी वर्षानुवर्षे जमविलेली साधनेही होती. तिर्तो आदी सूर्यो (१८८०–१९१८) या विस्मृतीत गेलेल्या जावानी पत्रकाराचे चरित्र त्यांना उभे करावयाचे होते. साधने गेली; उरली ती स्मृती. बुरूवर दीर्घकाळ लिहिण्याची परवानगी नव्हती, तेव्हा त्यांनी ही कथा संध्याकाळच्या वेळी सहबंदिवानांना तोंडी सांगितली आणि ती बराकींतून पुढे पुढे जात राहिली. परवानगी मिळाल्यावर तिच्या चार कादंबऱ्या झाल्या : ‘बुमी मानुसिया’, ‘अनाक समुआ बांग्सा’, ‘जेजाक लांकाह’ आणि ‘रुमाह काचा’. पहिल्या शीर्षकात आपली भूमी आणि आपला मनुष्य आहे, दुसऱ्यात वंश आहे, चौथ्यात तर चक्क काच आहे. ‘रुमाह काचा’ म्हणजे काचेचे घर. भारतीय भाषांच्या अभ्यासकाने या शब्दांपाशी क्षणभर थांबावे. न्यायव्यवहाराचे इंडोनेशियन शब्दही असेच ओळखीचे आहेत. ‘साक्सी’ म्हणजे साक्षी, ‘पेरकारा’ म्हणजे प्रकरण, ‘हाकिम’ म्हणजे न्यायाधीश, ‘पेंजारा’ म्हणजे तुरुंग, आणि त्यात आपला पंजर दडलेला आहे. बुरूच्या बंदिवानाला यांपैकी शेवटचा शब्द तेवढा लाभला होता.

आता कादंबरीकडे वळू. ‘बुमी मानुसिया’चा काळ १८९८च्या सुमाराचा, स्थळ सुराबाया. सानिकेम या जावानी मुलीला तिचा बाप चौदाव्या वर्षी साखर कारखान्याच्या डच व्यवस्थापकाला, हेर्मान मेल्लेमा याला, देऊन टाकतो. मोबदला म्हणून त्याला खजिनदाराची जागा हवी असते. ती ‘न्याई’ होते, म्हणजे गोऱ्या माणसाची लग्नाशिवायची बायको. पण ती डच शिकते, हिशेब शिकते, मालकाची सारी शेतीवाडी स्वतः चालवू लागते आणि न्याई ओंतोसोरोह या नावाने ओळखली जाते. तिची मुलगी आन्नेलिस हिच्यावर मिंके या शिकलेल्या जावानी तरुणाचे प्रेम बसते, इस्लामी विधीने विवाह होतो. तिर्तो आदी सूर्यो यांचे प्रतिबिंब या मिंकेमध्ये आहे. मालक मरण पावतो आणि मग न्यायालये पुढे सरसावतात.

कादंबरीत न्यायालय दोनदा येते. पहिल्यांदा सुराबायात, मेल्लेमाच्या मृत्यूच्या चौकशीसाठी. मृत्यूची चौकशी बाजूला राहून या घरातल्या माणसांचे खासगी संबंध चव्हाट्यावर येतात. न्याई मुकाट राहत नाही. आपल्याला न्याई कोणी केले, हा प्रश्न ती त्या गोऱ्या न्यायासनालाच विचारते. वायांग या छायानाट्यातून महाभारत जावाच्या गावोगावी शतकानुशतके खेळले गेले आहे. त्यामुळे भरसभेत द्रौपदीने विचारलेला आणि भीष्मांनाही न उलगडलेला प्रश्न येथे आठवला तर ती केवळ भारतीय वाचकाची खोड म्हणता येणार नाही. दोघींचेही प्रश्न कायद्याच्या भाषेतच विचारलेले आहेत. दोन्ही सभा त्यांना बगल देतात.

दुसरे न्यायालय अधिक भयंकर, कारण ते दिसतच नाही. ते आमस्टरडाममध्ये आहे. मेल्लेमाचा तिकडील औरस मुलगा मालमत्तेवर हक्क सांगतो आणि तिकडून बोटीने कागद येतात. मुलीला बापाने कायदेशीर मान्यता दिलेली असल्यामुळे ती युरोपीय कायद्याच्या कक्षेत मोडते. जन्मदात्री आई एतद्देशीय, म्हणून तिचा मुलीवर कोणताच अधिकार नाही. मुलगी अल्पवयीन, म्हणून तिचा विवाह झालेलाच नाही. मालमत्ता जाते, मुलगीही जाते. प्रत्येक पायरी कायद्याने शुद्ध. ज्यांनी या माणसांना कधी डोळ्यांनी पाहिले नाही अशांनी हे ठरविलेले आहे. आन्नेलिस निघते ती आईने बापाचे घर सोडताना नेलेली जुनी पत्र्याची पेटी बरोबर घेऊन. प्रमुद्यांनी या पेटीवर भाष्य फारसे केले नाही, हे त्यांचे शहाणपण.

ज्याला स्वतःला न्यायालय नाकारले गेले त्याने आपल्या कथेच्या मध्यभागी न्यायालय ठेवावे, याचा अर्थ कसा लावावा? वासाहतिक न्यायावरील टीका हा सरळ अर्थ आहेच. त्यामागे दुसरे एक सूत्र मला दिसते. न्याई हरते, पण तिला उभे राहून बोलता येते आणि ती हरल्याचा कागद उरतो. बुरूच्या श्रोत्यांना हरण्याचाही अधिकार नव्हता. न झालेल्या खटल्यात कोणी निर्दोष सुटत नाही. चौथ्या कादंबरीत ही जाणीव आणखी पुढे जाते. तेथे निवेदक बदलतो. मिंकेवर पाळत ठेवणारा पोलीस अधिकारी पांगेमानन् बोलू लागतो. तो मिंकेची हस्तलिखिते वाचतो, त्यांच्या फायली करतो, त्या माणसाचा आदर करतो आणि त्याला नष्टही करतो. ज्या सरकारने आपले दप्तर जाळले त्याच्याच दप्तरखान्यात कादंबरीकाराने शिरावे, ही कल्पना चतुष्टयातील सर्वांत धाडसी आहे, जरी वाचकप्रियता पहिल्या खंडाला अधिक मिळाली असली तरी.

तुलनेसाठी दक्षिण कोरियाकडे पाहता येईल. तेथे खटले झाले. ‘जनक्रांती पक्षा’च्या तथाकथित कटात सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल १९७५ रोजी आठ जणांची फाशी कायम केली आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे ती अमलात आणली गेली. कवी किम जी-हा यांना १९७४ मध्ये लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला होता. तो पुढे जन्मठेपेत बदलला. फेब्रुवारी १९७५ मध्ये सुटका होताच त्यांनी, हा कट छळ करून रचलेला आहे, असे वृत्तपत्रात लिहिले आणि महिन्याभरात ते पुन्हा गजाआड गेले. न्यायालयाचा याहून मोठा अधःपात कल्पिणे कठीण. तरीही निकालपत्र होते म्हणून ते पुन्हा उघडता आले : २००७ मध्ये फेरसुनावणीत ते आठ जण निर्दोष ठरले, २०१३ मध्ये किम जी-हा यांचा १९७४चा दोष पुसला गेला. आठ जणांना त्याचा काय उपयोग, असे कोणी विचारील. त्यांच्या मुलांना झाला.

इंडोनेशियात उघडायला निकालपत्रच नव्हते. सुटकेच्या वेळी प्रमुद्यांना, आपण कायद्याने दोषी नाही व उठावात गुंतलेले नाही, असे पत्र मिळाले. ज्या हाताने धरले त्याच हाताने लिहिलेले हे पत्र. त्यानंतरही त्यांना घरात आणि शहरात स्थानबद्ध ठेवण्यात आलेच. सुटलेल्यांच्या ओळखपत्रावर माजी राजकीय कैदी असल्याची खूण असे, मुलाबाळांना सरकारी नोकरीची दारे बंद. ‘बुमी मानुसिया’ १९८० मध्ये प्रसिद्ध झाली, हातोहात खपली आणि १९८१ मध्ये तिच्यावर बंदी आली, तीही महाधिवक्त्याच्या आदेशाने, न्यायालयात न जाता. पुस्तकालाही लेखकाचेच प्राक्तन लाभले. पुस्तकबंदीचा हा अधिकार घटना-न्यायालयाने २०१० मध्ये रद्द केला. सत्यशोधन आयोगाचा २००४चा कायदा मात्र याच न्यायालयाने २००६ मध्ये रद्द ठरविला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१२ मध्ये १९६५–६६च्या घटनांत गंभीर गुन्हे घडल्याचा निष्कर्ष काढला, त्यावर खटला उभा राहिला नाही. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी खेद व्यक्त केला.

एक अवघड गोष्ट सांगितल्यावाचून हा अभ्यास पुरा होणार नाही. साठीच्या दशकाच्या आरंभी प्रमुद्या स्वतः डाव्या सांस्कृतिक आघाडीचे प्रखर प्रवक्ते होते. ‘बिंतांग तिमूर’ या दैनिकाच्या साहित्यविषयक पानातून त्यांनी प्रतिपक्षाच्या लेखकांवर कठोर हल्ले केले, आणि त्या लेखकांच्या सांस्कृतिक जाहीरनाम्यावर १९६४ मध्ये सुकार्नोंनी बंदी घातली. कादंबरीकार व संपादक मोख्तार लुबिस यांनी सुकार्नोंच्या राजवटीत सुमारे नऊ वर्षे बंदिवासात काढली. १९९५ मध्ये प्रमुद्यांना मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला तेव्हा सव्वीस लेखकांनी निषेध केला आणि लुबिस यांनी स्वतःला १९५८ मध्ये मिळालेला तोच पुरस्कार परत केला. वर्गात हे सांगितले की विद्यार्थी तत्काळ बाजू घेऊ लागतात. मला लुबिस यांचा राग समजतो, निर्णय पटत नाही. आणि ज्यांना प्रमुद्यांचे बुरू आठवते पण लुबिस यांचा तुरुंग आठवत नाही, त्यांच्याविषयीही तेवढाच अविश्वास वाटतो. आपल्याला आवडणाऱ्या लेखकाचाच खटला रीतसर चालावा, अशी मागणी कोणीही करू शकतो.

बुरूवरील टिपणे व पत्रे यांचे प्रमुद्यांचे पुस्तक इंडोनेशियन भाषेत १९९५ मध्ये आले. ‘मुक्याचे एकाकी गाणे’ असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ होतो. त्यात बेटावर मेलेल्या व बेपत्ता झालेल्या सोबत्यांची यादी आहे. कादंबरीकाराने येथे काही रचलेले नाही. कोणी भातखाचरात गेला, कोणी आजाराने, कोणी पहारेकऱ्यांच्या हातून. त्या विद्यार्थिनीला मी पुढच्या तासासाठी कादंबरीऐवजी ही यादी वाचून यावयास सांगितले आहे.