नोंदवहीतले शब्द नीट वाचू या

वाचन : एज्रा 2:59-63

बंदिवासातून परतलेल्या काही याजकांना आपले नाव वंशावळीत सापडले नाही, म्हणून त्यांना याजकपदापासून दूर ठेवण्यात आले. आपल्या आदिवासी बंधुभगिनींपुढे आज तसाच प्रश्न आहे. जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीत 1950 पूर्वीच्या नोंदींना मोठे वजन असते. पण आजोबांच्या जन्माची नोंद हाती आली, तरी जुने शब्द अडवतात. त्यांतले काही समजून घेऊ.

बिन : मुलगा. ‘लक्ष्मण बिन रामा’ म्हणजे रामाचा मुलगा लक्ष्मण.

कोम : बायको. ‘सगुणा कोम रामा’ म्हणजे रामाची बायको सगुणा. हा शब्द ‘कौम’ समजून पुढचे नाव जात म्हणून वाचू नये.

मजकूर : वर सांगितलेला. ‘मौजे मजकूर’ नावाचे गाव शोधू नका. वर लिहिलेले गाव पाहा.

शके : 78 मिळवा. शके 1860 म्हणजे 1938. जानेवारी ते पाडव्यापर्यंत मात्र 79 मिळवा.

काथोडी, कातकरी : अनुसूचित जमातींच्या यादीत ही दोन्ही नावे एकत्रच आहेत.

बाळाचे नाव नसेल तर घाबरू नका. पुष्कळदा बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहीत. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. नकलेवर स्वतःचे पेन मात्र कधीही चालवू नका.

मंडळीत मोडी वाचणारे कोणी वडीलधारे असतील, तर त्यांनी आठवड्याचा एक तास द्यावा. देवाच्या वहीतले नाव कोणी पुसत नाही. सरकारी वहीतले नाव शोधून देणे ही आपली सेवा आहे.