चामड्याच्या वस्तूंचे माप : चूक आणि दुरुस्ती

हाताने बनविलेल्या चामड्याच्या वस्तूचे खरे मोल तिच्या मापात असते. कारागिराने दोन-तीन दिवस खपून बनविलेली चप्पल ग्राहकाच्या पायात बसली नाही, तर मजुरी बुडतेच, शिवाय कातड्यात गुंतलेले भांडवलही अडकून पडते. ग्राहक मात्र अशी वस्तू एक तर टाकून देतो किंवा घाईने भलताच उपाय करून कायमची बिघडवितो. वास्तविक मापाच्या पुष्कळशा चुका सुधारता येतात. त्यासाठी चामड्याचा स्वभाव ठाऊक असावा लागतो.

चामड्याचा स्वभाव

कातडे सर्वत्र सारखे ताणत नाही. पाठीच्या कण्यालगतचा भाग घट्ट विणीचा, तर पोटाकडील भाग सैल व अधिक ताणणारा असतो. बाभळीची साल व हिरडा यांत कमावलेले कातडे ओलसर झाले की मऊ पडते आणि ज्या आकारात वाळेल तो आकार धरून ठेवते. क्रोमने कमावलेले कातडे ताणले तरी बरेचसे पूर्ववत होते. ओले कातडे तापले तर आक्रसून कडक होते व ते पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. म्हणून कडक ऊन, इस्त्री व शेगडी ही तिन्ही वर्ज्य समजावीत. आणखी एक गोष्ट म्हणजे, कापडातील सुईचे भोक बुजते, चामड्यातील बुजत नाही.

या सर्वांतून एक नियम निघतो. घट्ट वस्तू थोडी सैल करता येते, लांब वस्तू आखूड करता येते; परंतु आखूड कापलेले चामडे लांब करता येत नाही.

चप्पल

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्हे त्यात समाविष्ट आहेत. पारंपरिक चप्पल खिळ्यांनी न ठोकता शिवलेली असते, त्यामुळे ती उसवून सुधारता येते.

अंगठा रुतत असेल, तर तो आतून ओल्या फडक्याने पुसावा, पायाच्या अंगठ्याहून किंचित जाड असा गोल लाकडी तुकडा त्यात रात्रभर ठेवावा आणि चप्पल सावलीत वाळू द्यावी. एका वेळी फरक थोडाच पडतो. गरज वाटल्यास पुन्हा करावे. तेल थेंबभरच लावावे, कारण जादा तेलाने पट्टा कायमचा सैलावतो. पट्टा सैल असल्यास कारागीर कानाजवळची शिवण उसवून पट्ट्याचे टोक तळाच्या दोन थरांमध्ये आत ओढतो व पुन्हा शिवतो. हे दोन्ही बाजूंनी सारखे करावे, अन्यथा पाऊल एका कडेला सरकते. टाचच तळाबाहेर जात असेल, तर मात्र उपाय नाही. ती जोडी लहान पायासाठीच ठेवावी.

पायाचे माप सायंकाळी, उभे राहून व दोन्ही पायांचे घ्यावे आणि मोठ्या पायाचे धरावे. इंग्रजी पद्धतीत एका क्रमांकाचा फरक सुमारे ८.५ मिलिमीटर असतो. चामड्यात तो थोडा नव्हे.

कमरेचा पट्टा

विजारीचा क्रमांक म्हणजे पट्ट्याचे माप नव्हे. बक्कल जेथे दुमडते तेथपासून मधल्या भोकापर्यंतचे अंतर हेच खरे माप. २.५ सेंटिमीटर अंतरावर पाच भोके पाडली, तर मधल्या भोकाच्या दोन्ही बाजूंस ५ सेंटिमीटरची सोय राहते. पट्टा लांब झाल्यास तो बक्कलाच्या बाजूने कापावा. टोकाकडून कापल्यास टोकाचा घाट जातो आणि भोकेही जागच्या जागी राहून चूक तशीच राहते. पट्टा थोडा आखूड असेल, तर टोकाकडे जागा पाहून गोल भोक पाडावे. चाकूने चीर देऊ नये. ती पुढे फाटत जाते.

पाकीट

आपल्या बँकेचे कार्ड ८५.६ मिलिमीटर लांब व सुमारे ५४ मिलिमीटर रुंद असते. नवशिके कारागीर कप्पा नेमका तेवढाच कापतात आणि दोन्ही कडांच्या शिवणीत जागा गेली की कार्ड आत जात नाही. शिवण कडेपासून ३ मिलिमीटरवर असेल व ३ मिलिमीटर मोकळीक ठेवायची असेल, तर तुकडा सुमारे ९५ मिलिमीटरचा हवा. नोटांचे मापही ध्यानात घ्यावे. ५०० रुपयांची सध्याची नोट ६६ × १५० मिलिमीटरची आहे; परंतु १०० रुपयांची आधीच्या मालिकेतील नोट ७३ × १५७ मिलिमीटरची असून तीही वैध आहे. कप्पा मोठ्या नोटेच्या मापाने कापावा.

कप्पा किंचित घट्ट झाल्यास तो आतून ओलसर करून मुदत संपलेले कार्ड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर त्यात ठेवावे. चालू कार्ड वापरू नये. शिवण उसवून कडेजवळ पुन्हा शिवण्याचा मोह टाळावा. जुनी भोके तशीच राहून कड कमजोर होते.

कारागिरांसाठी

प्रत्येक मापाचा पुठ्ठ्याचा साचा करून त्यावर माप लिहून ठेवावे. नव्या मापाचा पहिला नमुना उरलेल्या तुकड्यांतून बनवावा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय असून चर्मकाम हे त्यांपैकी एक आहे. पात्र कारागिरास अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. कर्जाचा हप्ता विकल्या गेलेल्या मालातून फेडला जातो, परत आलेल्या मालातून नव्हे. म्हणून कातड्यावर रापी चालविण्यापूर्वी माप पुन्हा एकदा ताडून पाहण्यात गेलेली दोन मिनिटे ही कारागिराची सर्वांत स्वस्त गुंतवणूक होय.