डोक्याच्या मागच्या बाजूची गोष्ट

"दादा, मागं चाई पडलीय का हो?" सलूनमधल्या पोराने मशीन थांबवली आणि दुसरा आरसा माझ्या डोक्यामागे धरला. केस लावून घेतल्याला तेव्हा दहा महिने झाले होते. या दहा महिन्यांत मी रोज सकाळी कपाळावरची नवी लव न्याहाळत होतो. मागे एकदाही पाहिलं नव्हतं. या कानापासून त्या कानापर्यंत कसर लागलेल्या शालीसारखं दिसत होतं सगळं. चाई नव्हती ती. तिथले केस मी पैसे मोजून उपटून घेतले होते.

माझं वय तेव्हा एकोणतीस. लग्नाचं पाहणं चालू होतं, दोन ठिकाणांहून नकार आला होता, आणि कारण कोणी तोंडाने सांगत नसलं तरी कळत होतं. क्लिनिकमध्ये आधी डॉक्टर नव्हेच, एक मॅडम भेटल्या. "सर, चार हजार ग्राफ्ट लागतील. आज बुकिंग केलंत तर पंधरा हजार कमी." माझं डोकं त्यांनी हात लावूनही पाहिलं नव्हतं. मीही हप्ते बांधून मोकळा झालो. मूर्खपणा माझा, मान्य.

शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टर आले, पेनने कपाळावर रेघ मारली, माझ्याबरोबर फोटो काढला आणि गेले. मग मी पालथा, डोक्याला भूल, आणि वर दोन पोरं. एकाने विचारलं, "किती झाले रे?" दुसरा म्हणाला, "काढ अजून, बिलावर चार हजार लिहिलेत." ते ऐकूनही मी गप्प पडून राहिलो. अर्धं डोकं भोकं पाडलेलं असताना उठून जाणार तरी कुठे? ते वाक्य अजून रात्री आठवतं.

आता ज्यांना करायचंच आहे त्यांच्यासाठी. मागच्या आणि कानावरच्या पट्ट्यातले केस सहसा गळत नाहीत, म्हणूनच ते पुढे लावतात. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. पण जिथून ग्राफ्ट काढला तिथे पुन्हा केस येत नाही. ही मुद्दल आहे, व्याज नव्हे. तिशीच्या आत टक्कल कुठवर जाणार हे ठरलेलं नसतं, तेव्हा सगळी मुद्दल एकाच दिवशी कपाळावर उधळायची नसते. माझं तेच झालं: पुढे लावलेलं बेट उभं आहे आणि त्याच्या मागचे मूळचे केस मात्र हटत चाललेत. ते टिकवायला फिनास्टेराइड, मिनॉक्सिडिल अशी औषधं असतात आणि ती चालू ठेवावी लागतात, हे मला कधी कळलं? तक्रार घेऊन गेलो तेव्हा! "सर, तुम्ही औषधं नीट घेतली नसतील." चिठ्ठीवर औषधाचं नाव तरी होतं का, मॅडम?

म्हणून आधी विचारा: भोकं कोण पाडणार? नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्येच स्पष्ट केलंय की हे काम प्रशिक्षित डॉक्टरांचं आहे, व्हिडिओ पाहून किंवा कार्यशाळेत बसून शिकायचं नाही. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मागा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळा. मागच्या बाजूचे आधीचे फोटो स्वतःच्या फोनवर काढून ठेवा. संमतीपत्र टेबलवर पडल्यापडल्या सही करायला देतील, ते आदल्या दिवशी घरी मागून घ्या. सिगारेट बंद, घाई नको, वगैरे सगळे सांगतातच. पुण्यातल्यांनी हेल्मेटचंही विचारून घ्यावं. मी तर पहिले कित्येक दिवस रिक्षातच घालवले. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर लावलेले केस गळतात, त्याला घाबरू नका, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात. खरा निकाल वर्षाने. तोवर क्लिनिकवाले फोन उचलतात, नंतर नाही.

ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. माझी अजून संपलेली नाही, पण हातात आहे ते फक्त "पॅकेज" लिहिलेलं एक बिल. वकील ते उलटसुलट करून पाहत होते. मग माझ्या डोक्याकडे पाहून म्हणाले, "पुढून तर बरं दिसतंय की."