मुलाखतीआधी राजीनामा द्यावा का?

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. पती अमेरिकन नागरिक आहेत. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत स्थलांतराच्या व्हिसासाठी मुलाखतीची तारीख मिळाली आहे. पासपोर्टवर माहेरचे नाव आहे, ते बदलावे लागेल का? नोटिस पीरियड तीन महिन्यांचा आहे. राजीनामा आत्ताच देऊ का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : राजीनाम्याची घाई करू नका. मुलाखतीची तारीख म्हणजे व्हिसा नव्हे. एखादा कागद कमी पडला तर ‘२२१-जी’ची चिठ्ठी देतात. तीही कायमची नकारघंटा नसते. वर्षभरात पूर्तता करता येते. व्हिसा लागलेला पासपोर्ट हातात आला की मगच राजीनामा द्या, तिकीट काढा. हा व्हिसा साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत चालतो; मात्र वैद्यकीय तपासणी जुनी असेल तर मुदत कमी मिळते. नोटिसचा हिशेब व्हिसावरची तारीख पाहूनच करा.

माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालतो. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती नाही. लग्नपत्रिका आणि फोटो पूरक पुरावे आहेत; मुख्य कागद विवाह नोंदणीचा दाखला, त्याची मूळ प्रत न्या. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्राचेच हवे, चौकीतला चारित्र्य दाखला चालत नाही. वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच, मुलाखतीआधी करून घ्या.

अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षे झाली नसतील, तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचे, अटीसह मिळते. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून अट काढण्याचा अर्ज करायचा असतो. मुलाखतीत पाठ केलेली उत्तरे नकोत. विचारले तेवढेच, खरे सांगा.